कोण बुडालं?

लग्नानंतर मी विदर्भातून बोईसरला आले, तेव्हा दिवसच्या दिवस माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही. नवरा कारखान्यात. रात्रपाळी असली की दिवसभर झोपलेला, दिवसपाळी असली की घरी आल्यावर गप्प. मजल्यावरच्या बाकीच्या खोल्यांत कामगार मुलं राहायची. ती मान खाली घालून जायची, मीही दार लोटून घ्यायचे. काही दुपारी मी शेअर रिक्षात बसून स्टेशनपर्यंत जायचे आणि तशीच दुसऱ्या रिक्षाने परत यायचे. शेजारी बसलेली माणसं आपसात बोलायची, ते कानावर पडायचं. हे मी नवऱ्याला सांगितलं नव्हतं. सांगणार तरी काय?

त्या काळात मी वाचनालयातून एक जुनी, जाडजूड कादंबरी आणली. परक्या मुलखातली, मराठीत आणलेली. बर्फाळ माळरानावरच्या एका पिठाच्या गिरणीत गिरणीवाल्याची तरुण बायको राहते. नवरा धान्य विकायला गेला की महिनोन्‌महिने येत नाही. गावातले लोक दळण घेऊन येतात, वजन बघतात, निघून जातात. त्याच गावात एक म्हातारा शिपाई आहे. त्याला काहीही झालेलं नसतं, पण वैद्याने मनगट धरावं म्हणून तो रोज ताप आल्याचं सोंग करतो. तो शिपाई वाचताना मी हसले होते. मग माझी रिक्षा आठवली आणि पुस्तक मिटून ठेवलं.

आमच्या गल्लीत जवळच्या माहीम गावाहून एक कोळीण मासळी विकायला यायची. साठीच्या पुढची, सडसडीत, खणखणीत आवाजाची. मी तिला मावशी म्हणायचे. मासळी साफ करायला तिनंच मला शिकवलं. पाटी रिकामी झाली की ती आमच्या जिन्यावर बसून चहा घ्यायची. एकदा माझ्या हातातलं पुस्तक बघून म्हणाली, "येवढं जाड! काय हाय त्यात?"

"गोष्ट आहे, मावशी. एका एकट्या बाईची."

"मग वाच की मोठ्यानं."

तेव्हापासून ती आली की मी वाचायचे. ती मधेमधे बोलायची. शिपायाचं सोंग ऐकून तिला हसू आलं नाही. "कोनीतरी हात धरावा वाटतं ना," एवढंच म्हणाली.

एका दुपारी आम्ही कादंबरीतल्या आगीच्या प्रसंगापाशी पोचलो. हिवाळा संपत आलेला असतो. गिरणीवाल्याच्या बायकोला स्वतःचा आवाज अनोळखी वाटायला लागतो. ती उठते, आपल्याच गवताच्या गंजीला काडी लावते आणि अंगणात उभी राहते. सगळं गाव बादल्या घेऊन धावत येतं. धुरात माणसांची हाकाहाक चाललेली असते आणि ती, तिचंच नुकसान होत असताना, एकेकाचा चेहरा बघत असते. आनंदाने.

मी थांबले. मावशी चहाचा पेला हातात धरून बसली होती.

"मी पन केलंय असं," ती म्हणाली.

मला वाटलं, ऐकण्यात चूक झाली.

"आमचा म्हातारा गेला तवा. पोरगी डहाणूला दिलेली. दिवसपानी होईस्तोवर घर भरलेलं, मग कोन येतंय? मी धंदा पन सोडला व्हता. दारात बसायची. लोक जायचे, यायचे. मग एक दिवशी उठले, दर्यावर गेले नि बोंब मारली. होडी बुडाली, होडी बुडाली!"

"कुणाची?"

"कोनाचीच नाय गं. दिसत व्हता तेवढा दर्या रिकामा व्हता."

माहीमचा सगळा कोळीवाडा किनाऱ्यावर धावला. बायका खोल समुद्रात गेलेल्या आपापल्या माणसांची नावं घेऊन रडायला लागल्या. किनाऱ्यावर होते त्या पुरुषांनी होड्या लोटल्या. ते दिसेनासे झाले तेव्हा कुठे आपण काय केलं हे तिला कळलं, आणि ती ओल्या वाळूत बसून राहिली.

"आता मारतील, असं वाटलं. कोनाची होडी ते मना सांगता येईना, तशा बायका शिव्या द्यायला लागल्या, त्यांचं काय चुकलं? मग होड्या परत आल्या. आमचा तांडेल, होडीचा म्होरक्या, तो उतरला नि माज्या बाजूला बसला. दमलेला. मना इचारलं, कोन बुडालं? मी बोलले, मी."

कुठला तो बर्फाचा मुलूख, कधीच मातीत गेलेला तो लेखक, आणि ही माझ्या जिन्यावर बसलेली बाई. त्याने हा समुद्र पाहिला नव्हता, तिने त्याचं पान वाचलेलं नव्हतं. तरी माणूस जिथवर जाऊ शकतो ती जागा दोघांनाही नेमकी ठाऊक होती.

"दुसऱ्या दिवशी सकाळी बायका दारात आल्या," मावशी म्हणाली. "चल बोलल्या, बोंबील वाळत घालायचेत. रोज न्यायच्या. तुज्या त्या बाईचं काय झालं?"

मी पुढचं वाचलं. आग कुणी लावली ते उघडकीला येतं. गाव पंचायत भरवतं, तिला वेडी ठरवतं आणि दूरच्या इस्पितळात धाडून देतं. शेवटचं पान तिथंच संपतं.

मावशी भडकली. "एकानं पन इचारलं नाय तिला? एवढ्या गावात एकानं?"

"नाही, मावशी."

मग मी तिला माझ्या रिक्षाच्या फेऱ्यांबद्दल सांगितलं. ती हसली नाही. पाटी उचलत म्हणाली, "रविवारी माहीमला ये."

मी गेले. किनाऱ्यावर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील टांगलेले होते आणि मावशी बायकांच्या घोळक्यात मोठमोठ्याने बोलत होती. तांडेल सावलीत जाळं विणत बसला होता. आता अगदी थकलेला. राहवेना म्हणून मी त्याला विचारलं, "बाबा, त्या दिवशी तुम्हाला कसं कळलं?"

"मना काय बी कळलं नव्हतं," तो म्हणाला. "दर्यात शोधलं, कोन गावला नाय. पन बाय एवढी वरडली, म्हंजे कोनतरी बुडालं असनारच. मग तिलाच इचारलं."

त्याने सुई पुन्हा जाळ्यात घातली. मागून मावशीने हाक मारली आणि मी बायकांकडे गेले. दोन-दोन बोंबलांची तोंडं एकमेकांत अडकवून ते वलांडीवर कसे टाकायचे हे एकीने मला दाखवलं. माझे सारखे वाळूत पडत होते, त्या हसत होत्या, आणि ऊन उतरेपर्यंत मी तिथेच होते.