नको म्हणायची कळी

भामाकाकीला "चहा घेणार की सरबत?" असं विचारलं की ती हटकून म्हणायची, "माका पाणी दी." माझी बायको वैतागायची. काकी वर तिलाच सुनवायची, "दोनातलां एक घे म्हणून सांगणारी तू कोण गो?"

ती आमची शेजारीण. नवरा समुद्रावरून परत आला नाही, तेव्हापासून गावच्या पुळणीवर, म्हणजे किनाऱ्याच्या वाळूत, बांगडे सुकवून तिने दोन मुली उजवल्या. मी तालुक्याच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. लोकशाहीत खरी सत्ता कोणाकडे, हा माझा आवडता धडा. कोणी म्हणतं मतदारांकडे, कोणी म्हणतं मूठभर बड्यांकडे, कोणी म्हणतं आपसात ओढाताण करणाऱ्या गटांकडे. एकदा पडवीत पेपर तपासताना मी हे सगळं काकीला ऐकवलं. ती म्हणाली, "आणि इचारणारो खंय बसता रे तुझ्या पुस्तकात?" मी हसलो. कसला शहाणा मी!

मग पुळणीवर हॉटेल यायचं ठरलं. कुठे ठरलं, कोणी ठरवलं, मला आजतागायत कळलेलं नाही. देवळात कौल लावला. मूर्तीला दोन ओल्या कळ्या चिकटवल्या, आधी पडेल ती देवाचं उत्तर, आणि देवळाचे मानकरी नि गावचे सरपंच अण्णा यांनी गाऱ्हाणं घातलं, "हॉटेल उत्तरेक होऊचा आसात तर उजवी दी, दक्षिणेक तर डावी दी!" आम्ही सगळे म्हणालो, "होय म्हाराजा!"

मागून काकी ओरडली, "हॉटेल होया की नको, तां खंय इचारलास?"

"बायलमाणसान मधी बोला नये," अण्णा म्हणाले.

"मगे नको म्हणूची कळी खंय लावलास, ती तरी दाखवा!"

अण्णांनी मूर्तीकडे वळून पुन्हा हात जोडले. मीही हात जोडून उभाच. डावी कळी पडली. दक्षिणेची पुळण म्हणजे काकीची मासे सुकवायची जागा. परतताना ती एवढंच बोलली, "देव तरी काय करतलो? जां इचारलां तेचाच उत्तर देतलो."

ग्रामसभेच्या नोटिशीतही तेच आलं: प्रकल्प उत्तरेस की दक्षिणेस, याबाबत निर्णय घेणे. हे वाक्य माझं. अण्णांनी तोंडी सांगितलं आणि मी शुद्ध मराठीत लिहून दिलं. सभेत काकीने पुन्हा होया की नकोचा प्रश्न काढला, तर उत्तर मिळालं, "तो विषय नोटिशीत नाही." हात मोजले गेले, सगळं कसं कायदेशीर. तिने हात वर केला नाही, म्हणून ठरावात तिची नोंद झाली, तटस्थ. तटस्थ म्हणे!

दक्षिणेच्या पुळणीला कुंपण घातलं गेलं त्या दिवशी ती आमच्या दारात आली. "नोटिशीतलां अक्षर तुझा मां रे?"

"होय," मी म्हणालो. मग विचारलं, "पाणी देऊ?"

"नको," ती म्हणाली. त्यानंतर आमची पायरी ती कधी चढली नाही. मुली सासरी, हातचं काम गेलेलं. दोन पावसाळे कसेबसे काढून ती गेली.

पुढच्या ग्रामसभेत श्रद्धांजलीचा विषय निघाला. अण्णांनी घड्याळाकडे पाहत विचारलं, "एक मिनिट उभं राहायचं की दोन? हात वर करा."

हा असला प्रश्न विचारताच कसा, असं म्हणायला मी तोंड उघडलं होतं. आजूबाजूला पाहिलं, आणि दोन मिनिटांसाठी हात वर केला.