पित्त थंड करायला रोह्याला

लोक बायकोला घेऊन युरोपला जातात. मला माझी बायको पेणहून रोह्याला घेऊन गेली, तेही माझं डोकं थंड करून आणायला.

आमच्या मुक्तानं स्वतः पसंत केलेल्या मुलाचे आईवडील रविवारी रोह्याहून घरी यायचे होते. मागच्या स्थळाच्या वडलांनी पेणच्या गणपतींना नावं ठेवली, तेव्हा मी त्यांना अर्ध्या पोह्यांवरून उठवलं होतं. "बाबा, या वेळी मोडलं तर मी तुमच्याशी बोलणार नाही," मुक्ता एवढंच म्हणाली होती.

गाडीत मी शांत चेहऱ्याचा सराव केला. नागोठण्यापर्यंत जमला. मग शेजारचा माझ्या खांद्यावर घोरू लागला.

रोह्याच्या बाजारात हकीमचाचांचा दवाखाना. भिंतभर खण, त्यांतून ज्येष्ठमध आणि सुंठीचा वास. बाकावर एक जाडसर गृहस्थ बायकोसह आधीच बसलेले.

"अंगात चार रस," चाचा म्हणाले. "खून (रक्त), बलगम (कफ), सफरा (पित्त) आन् सौदा (काळं पित्त). जो वाढला, त्याच्या उलट औषध. सफरा गरम, त्याला कासनी, गुलाब, चंदन. बलगम थंड, त्याला सुंठ, दालचिनी."

"मग मला सुंठच द्या! मी थंड माणूस आहे!"

"अहो, हळू," बायको म्हणाली. "बाहेरचे रिक्षावाले बघतायत."

चाचांनी एका हातात माझं मनगट धरलं, दुसऱ्यात त्या गृहस्थांचं. गृहस्थांनी विचारलं, "पेणचे काय? तुमचे गणपती हल्ली सगळे साच्यातलेच, नाय?"

"डोळे हातानं आखतात आमच्याकडे! आणि तुमच्या रोह्यात गणपती येतात कुठून? पेणहूनच ना?"

"येतात, आन् चतुर्थीआधीच रंग उडतो!"

"तुमच्या तोंडाचा उडाला असेल!"

"थांबू नका, बोला," चाचा डोळे मिटून म्हणाले. "आत्ता नाडी खरं सांगते. दोघं पण सफरावी. एकच पुडी चालंल."

गृहस्थांची बायको माझ्या बायकोला म्हणाली, "बघा गो वैनी, फोनवर बोलले व्हते ना? आजच भांडून घेऊ दे. रविवारला काय उरायला नको."

"अहो," माझी बायको गोड आवाजात म्हणाली, "हे मुलाचे वडील."

मुक्ताचं वाक्य कानात वाजलं. गृहस्थांचाही चेहरा उतरला होता.

"रंग एवढा पण नाय उडत," ते पुटपुटले.

"साच्यातले असतात काही काही," मी म्हणालो. पेणच्या माणसाच्या तोंडून हे निघालं, यावरून बापाची माया ओळखावी.

परतीच्या गाडीत पुडी मांडीवर धरून मी बसलो. शेजारचा घोरला, त्याला घोरू दिलं.

रविवारी आम्हा दोघांपुढे कासनीच्या काढ्याचे ग्लास आले. इतका कडू, की घोट घेतल्यावर तोंड उघडायची इच्छाच मरते. चार रसांचं मला अजून कळलेलं नाही, पण हे औषध लागू पडतं ते असं. तोंडात घोट धरून बसलेल्या दोन बापांना कुणी काही विचारलं नाही, आणि लग्न ठरलं.