नारळपाणी प्यायलेला कॉम्प्युटर

बीड जिल्ह्यात बैल पारखून देणारा माणूस गावोगाव सापडेल, सोयरीक पारखून देणारा तर न बोलावता घरी येईल. पण चाळीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर पारखून घ्यावा तर तो आमच्या साडूंनीच. सिरसाळ्यात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. शेतकरी विहिरीवरची जळालेली मोटार घेऊन पायरीवर बसलेला असतो, आणि साडू आत टीव्हीला जुनाट मशीन जोडून ठिपक्याएवढ्या विमानानं दुसरे ठिपके पाडत असतात. "दोन मिनिटं थांबा मालक, शेवटचा जीव हाय," असं आतूनच ओरडतात. एकदा एक नवखं गिऱ्हाईक "कुणाचा वो?" म्हणत घाबरून आत धावलं होतं.

या जुन्या कॉम्प्युटरांचा सगळा संसार कीबोर्डच्या पोटातच असतो. ते टीव्हीला जोडायचे आणि गेम टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवरून आत चढवायचा. कॅसेट सुरू झाली की पाच-सहा मिनिटं असा चिरका आवाज निघतो, की शेजारचा किराणावाला शटर अर्धं खाली ओढतो. साडू मात्र डोळे मिटून मान डोलावतात आणि मधेच "गेला! हितं बेसूर झाला," म्हणून कॅसेट मागं फिरवतात. पारख करायची रीतही त्यांची न्यारीच. मशीन लगेच चालू करून बघणं त्यांना उतावीळपणा वाटतो. आधी ते वास घेतात, मग एकेक बटण दाबून कान लावतात, मग मशीन पालथं करून विचारतात, "हे कुणाच्या घरी नांदलं?" अशी अकरा मशीनं घरातल्या ज्वारीच्या पोत्यांवर विराजमान झाली, तेव्हा अक्कांनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, माझ्या थोरल्या मेहुणीनं, निक्षून सांगितलं, "आता एकच. त्याच्यावर अजून एक आलं तर पोती मशीनांसकट दुकानात जातील, अन् तुमी बी तितंच ऱ्हावा." साडूंनी देवाची शपथ घेऊन कबूल केलं. अक्का बोलतात ते करतात, हे आम्हा दोन्ही जावयांना चांगलं ठाऊक आहे.

ते शेवटचं एक मशीन निवडायला यंदा दसऱ्याच्या महिनाभर आधी आम्ही दोघं बीडला एका भंगारवाल्याकडे गेलो. त्यानं दोन मशीनं पुढं ठेवली. पहिलं कुण्या साहेबाच्या घरचं, खोक्यासकट, जॉयस्टिकसकट, गेमच्या कॅसेटींची पिशवी भरून, आणि बटण दाबताच चालू. मी तिथंच पसंती देऊन मोकळा झालो. दुसरं मेलेलं, पिवळं पडलेलं, एक बटण आत रुतलेलं, फटींत लाल काहीतरी साचलेलं. साडूंनी वास घेतला, ते पालथं केलं. तळाशी पांढऱ्या ऑइलपेंटनं शाळेचं नाव आणि डेडस्टॉक नंबर घातलेला होता. साडू ते मांडीवर घेऊन स्टुलावर बसले.

"हे आमच्या शाळेचं हाय, भाऊ," ते म्हणाले. "याला नारळपाणी मीच पाजलतं."

साडू सातवीत असताना शाळेत हा एकुलता एक कॉम्प्युटर आला. खंडेनवमीला अवजारांबरोबर त्याचीही पूजा झाली. हळद, कुंकू, झेंडूचा हार, सगळं साग्रसंगीत. नारळ फोडायचा मान साडूंना मिळाला, आणि देवाचा नारळ देवापासून लांब कसा फोडायचा म्हणून त्यांनी तो अगदी जवळ फोडला. पाणी थेट बटणांवर. सरांनी कान धरून त्यांना खोलीबाहेर काढलं आणि बजावलं, "पुन्हा हात लावायचा नाही!" मशीन वाळून चालू झाल्यावर बाकीची पोरं पाळीपाळीनं गेम खेळली. साडू खिडकीतून बघत राहिले. "एकदा बी बटण दाबाया मिळालं न्हाई बघा," ते म्हणाले. ही अकरा मशीनं कशापायी जमवली ते मला तेव्हा कळलं, आणि इतकी वर्षं त्यांची टिंगल केल्याची लाज वाटली.

तरी मी म्हणालो, "अहो, अक्कांनी एकच सांगितलंय. चांगलं चालतं सोडून मेलेलं घेता? लई पस्तावाल."

"जळालेल्या मोटारी जित्या करूनच पोट भरतो की मी," असं म्हणून त्यांनी ते धूड उपरण्यात गुंडाळलं.

महिनाभर त्यांनी त्याच्यावर सोल्डरिंग केलं. सगळं पुसलं, फटींतलं कुंकू तेवढं राहू दिलं. खंडेनवमीला मी मुद्दाम सिरसाळ्याला गेलो. दुकानात पक्कड, टेस्टर, वाइंडिंगचं यंत्र आणि मधोमध हे मशीन मांडलेलं. अक्कांनी हळद-कुंकू वाहिलं. साडू नारळ घेऊन निघाले ते रस्ता ओलांडून थेट पलीकडच्या लिंबाखाली गेले आणि तिथं फोडून आले. मग त्यांनी कॅसेट लावली आणि पाच-सहा मिनिटांनी तिचा चिरका आवाज थांबला. टीव्हीवर इंग्रजीत अक्षरं आली, कोणतंही बटण दाबा. साडू हात मागं बांधून उभे. मी काही बोलणार, तेवढ्यात अक्काच पुढं झाल्या.

"दाबा की," त्या हळूच म्हणाल्या. "सर न्हाईत आता हितं."

साडूंनी डावा हात उगाच कानाला लावला आणि उजव्या हाताच्या बोटानं नेमकं तेच, एकेकाळी रुतलेलं बटण दाबलं. गेम सुरू झाला. एवढा पट्टीचा खेळणारा माणूस, पण पहिल्याच मिनिटात तिन्ही जीव गेले. डोळे भरून आलेले, समोरचं काही दिसतच नव्हतं त्यांना.