काकीने भरलेला गडगा

चांदीपच्या आमच्या गडगेवाल्या मंडळीत बळीरामकाकांचा शब्द शेवटचा. भात झोडून झालं की आम्ही दर रविवारी जमायचो आणि एकेकाच्या शेताचा पडलेला गडगा रचायचो. ना सिमेंट, ना माती, दगडावर नुसता दगड रचलेलं कुंपण. काका नावं ठेवत हिंडायचे. "याला पोट आलंय, उतरवा," म्हणाले की मुकाट्याने उतरवायचा. मी एकदा हुज्जत घातली, तर मला दिवसभर चहाच्या चुलीपाशी बसवलं. गडग्याच्या दोन बाजूंमधल्या पोकळीत बारीक दगड ठासायचं, म्हणजे भर घालायचं काम मात्र धोंडूकाकीचं. त्यात खुद्द नवऱ्याला, बळीरामकाकांनाही त्या हात लावू देत नसत.

लॉकडाऊन लागला आणि जमायलाच बंदी आली. आम्ही थांबलो, काका कुठले थांबतायत! ओहळाकडेचा त्यांचा गडगा गुरांनी पाडला होता. तो दोघांनीच रचायला घेतला. लांबून त्यांची भांडणं ऐकू यायची, म्हणजे काम नीट चाललंय हे आम्ही ओळखायचो. पुढच्या वर्षी दुसऱ्या लाटेत काकी गेल्या. आम्हाला शेवटचं बघायलाही जाता आलं नाही. त्याचा राग मला अजून येतो, पण काढायचा कोणावर?

निर्बंध उठल्यावर त्या हिवाळ्यात पुन्हा जमलो. पहिला मान काकांच्या शेताला दिला. ओहळाकडेचा तो गडगा आम्ही या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत पाहिला. वाटेच्या अंगाला तो चांगलाच फुगला होता. गडग्याच्या दोन्ही बाजू धरून ठेवायला मधे मधे लांब दगड आडवा घालावा लागतो. तो उचलायला चार धट्टीकट्टी माणसं लागतात. या दोन म्हाताऱ्यांनी तो कसा उचलायचा? एकही आडवा दगड नव्हता. आणि शाळेची पोरं त्याच वाटेने जायची.

शेवटी काकांचा पुतण्या अल्पेश म्हणाला, "काका, टेकू देऊन बघू."

"टेकूवर गडगा ऱ्हातो कदी?" काका खेकसले. मग फुगलेल्या जागी हात ठेवून हळूच म्हणाले, "पोट आलंय. उतरवा."

उतरवला. मोठे दगड बाजूला लावले, आतली भर घमेल्यांनी ओतत गेलो. बरंच काम झाल्यावर काका लगबगीने आले. "तिची भर वेगली ठेवा रं. परत तीच घालायची."

तोवर ती आम्ही भरीसाठी आणलेल्या नव्या बारीक दगडांच्या ढिगात पडली होती. चूक कोणाची म्हणायची? कोणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. काका ढिगापाशी बसले. एकेक दगड उचलून निरखायचे आणि खाली ठेवायचे.

"यातला तिचा कनचा गो?" त्यांनी मला विचारलं.

मी त्यांच्या शेजारी बसून दगड चाळू लागले. पलीकडे चौघांनी लांब दगड आडवा बसवला आणि अल्पेशने सवयीने हाक मारली, "काकी, भर येऊ द्या!"

काका उठले आणि हाताला लागतील ते दगड घमेल्यात भरू लागले.