लाल थुंकी

भूकंपानंतर आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये राहायचो. तिथं माझे वडील, म्हणजे अण्णा, रोज सकाळी माझे दात घासायचे. कोळसा, मीठ आणि त्यांचं जाडजूड बोट. थुंकी लाल झाल्याशिवाय सुटका नव्हती. रक्त आलं म्हणजे घाण निघाली, असं आमच्याकडं सगळेच मानायचे. एकदा तपासणीला आलेल्या डॉक्टरीणबाईंनी माझं तोंड उघडून विचारलं, "हिरड्या कुणी सोलल्या गं अशा?" अण्णा मागंच उभे होते. "मीच," मी म्हणाले. ते खोटं बोलावं लागल्याचा राग मी अण्णांवर कित्येक वर्षं धरला.

पुढं माझ्या थोरल्या मुलीच्या क्लाससाठी आम्ही लातूरला खोली केली. क्लास सकाळी सातचा आणि मोरी एकच. म्हणून सात वर्षांच्या धाकटीचे दात मीच घासून टाकायचे. ब्रश कडक, जास्त दिवस टिकतो म्हणून घेतलेला. ती डोकं मागं ओढायची, मी हनुवटी घट्ट धरायचे. "हलू नको! ताईला उशीर व्हायलाय."

तिची हिरडी सुजली तेव्हा दातांच्या डॉक्टरांकडं नेलं. त्यांनी मऊ ब्रश माझ्या अंगठ्याच्या नखावर अलगद फिरवून दाखवला. "बस, एवढाच जोर." मग धाकटीला विचारलं, "इतकं जोरात कोण घासतं, बाळा?"

माझा हात तिच्या खांद्यावर होता. हाताखाली तो खांदा ताठ झाला.

"मीच," ती म्हणाली.