मातीखाऊ बाई

ऑफिसात तिला पाठीमागे 'मातीखाऊ' म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. धरण असो की पूल, आधी जमिनीत खोल भोक पाडून खालची माती वर काढतात. त्या मातीची चिमूट बाई पुढच्या दातांत धरायची. करकरली तर बारीक रेतीचा गाळ, लोण्यासारखी विरली तर चिकणमाती. आणि चिकणमातीवर घातलेला पाया आज ना उद्या दगा देणारच. हे यंत्रही सांगतं, पण आठवड्याने. बाई थुंकायच्या आत सांगायची.

भाचीला हा नाद तिनेच लावला. सुट्टीत पोर मावशीबरोबर कामावर जायची आणि तोंडाला चिखल माखून परत यायची. बाईची बहीण कपाळाला हात लावायची. "तू दगडांशी संसार मांडलास तेवढं पुरे नाही का? आता माझ्या पोरीच्या डोक्यातही दगड भर!" पोरीने ऐकलं नाही. भूशास्त्र घेतलं आणि पहिली आली. वर्गात होत्या चौघीच, आणि त्यांच्यामागे तो विभागच बंद पडला, पण पहिली ती पहिलीच.

त्याच सुमारास बाई निवृत्तीला आली. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावून स्वतः खुर्ची पुढे केली. इथेच तिने ओळखायला हवं होतं.

"मॅडम, माणसंच मिळत नाहीत हो. सगळी पोरं कॉम्प्युटरकडे पळतात."

"माझी भाची आहे की! शिकून घरी बसलीय."

"मग काय हवं? जाहिरात निघाली की पहिला अर्ज तिचा. तोवर मुदतवाढ घ्या आणि तिच्यासाठी जागा धरून ठेवा."

बसमध्ये रुमाल टाकून जागा धरतात, तशी बाईने धरली.

दरवर्षी हेच. साहेब परिषदांमधून मनुष्यबळाच्या टंचाईवर गळा काढायचे आणि बाई पहिल्या रांगेत मान डोलवायची. भाचीने शिकवण्या केल्या, मग 'तात्पुरतं' म्हणून फरश्यांच्या दुकानात लागली. इथेही दगडच आहेत की, असं ती हसून सांगायची. पुढे हसणं गेलं, दुकान तेवढं राहिलं.

मग बाईचे दात गेले. कवळी आली. कवळीला रेती काय आणि लोणी काय, सारखंच. उद्या आपल्या शब्दावर कुणी पूल बांधायचं, या विचाराने तिला घाम फुटला आणि या खेपेला ती मुदतवाढीला साफ नाही म्हणाली. थोड्याच दिवसांत जाहिरात निघाली!

बाई कागद घेऊन तडक दुकानात गेली. भाचीने तो वाचला, घडी घातली आणि परत दिला.

"वयाची अट बघितलीस का, मावशी? गेल्या वाढदिवसालाच ओलांडली मी."

दात होते तेव्हा चणे नव्हते. आता चणे आले, तर मावशीचेही दात गेलेले आणि भाचीचेही.

बाई तणतणत ऑफिसात शिरली. "ही जाहिरात आधी काढायला काय झालं होतं?"

भरतीचं काम बघणारा कारकून सरळ माणूस. तो गोंधळला. "कशी काढणार, मॅडम? जागेवर तुम्ही होतात. भरलेली जागा रिकामी कशी दाखवायची? मी साहेबांना दरवर्षी म्हणायचो. ते म्हणायचे, नव्या माणसाला शिकवत कोण बसतंय, बाई आहेत ना."

पोरीची जागा अडवली होती ती बाईच्याच रुमालाने.

तिने दुकानात जाऊन भाचीला सगळं सांगितलं. "माझ्यामुळे तुझ्या आयुष्याची माती झाली गं," म्हणून रडली. भाची फडक्याने एक फरशी पुसत होती, ती पुसतच राहिली. तेवढ्यात बाईचा फोन वाजला. साहेब होते, आणि त्यांचा आवाज दुकानभर ऐकू येत होता.

"मॅडम, एकही धड अर्ज नाही बघा! मी म्हणत होतो ना, माणसंच मिळत नाहीत. आता एवढं एकच वर्ष..."

भाचीने मावशीच्या हातातला फोन घेऊन बंद केला.

"जन्मभर माती चाखून ओळखलीस, मावशी," ती म्हणाली, "आणि या माणसाचं गोड बोलणं तेवढं न चाखता गिळलंस."