अकरा छप्पन्नचा भोंगा

टील ग्रोव्ह गावात बारा कधी वाजले हे सूर्य ठरवत नसे, वर्लिन ओल्टमन्स ठरवायचा. नगरभवनामागच्या विटांच्या खोलीत भिंतीवर एक लाल बटण होतं आणि एकतीस वर्षं रोज दुपारी त्यावर वर्लिनचंच बोट पडायचं. ठोक्याला बारा! भोंगा झाला की शेतात ट्रॅक्टर थांबायचे, न्हावी अर्धवट डोकं तसंच सोडून हात धुवायचा आणि सगळं गाव जेवायला बसायचं.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? अहो, आयोवातली आमची काउंटी म्हणजे हवेच्या बाबतीत निव्वळ वेडं पोर. जानेवारीत थुंकी जमिनीवर पडायच्या आत गोठते. एप्रिलमध्ये सकाळी कोट, दुपारी नुसता सदरा आणि संध्याकाळी पुन्हा बर्फ. जुलैत मका इतकी वाफ सोडतो की माणूस उभ्या उभ्या शिजावा. अशा ठिकाणी एक तरी गोष्ट आपल्या जागी असायला नको? ती म्हणजे वर्लिनचा भोंगा. हिमवादळात समोरचा हात दिसेना, तेव्हाही हा पठ्ठ्या कुंपणाची तार धरधरून नगरभवनापर्यंत गेला होता. गावाने आपोआप वाजणारं यंत्र आणलं, तर याने ते खोक्यातून बाहेरच काढू दिलं नाही. "यंत्राला काय कळतंय!" म्हणे.

याचा जाच झाला तो त्याच्या बायकोला. आर्डिथला पहिल्या बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तेव्हा बाराला सात मिनिटं कमी होती. वर्लिनने तिला गाडीत बसवलं, गाडी नगरभवनापुढे चालू ठेवली, आत जाऊन बारा वाजेपर्यंत उभा राहिला, भोंगा वाजवला आणि मगच दवाखान्याचा रस्ता धरला! लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला ती त्याला ऐकवायची, "माझ्यासाठी एक मिनिट तरी कधी मागं-पुढं झालास का रे?"

"मिनिट माझं थोडंच आहे? गावाचं आहे," हे याचं ठरलेलं उत्तर.

याच भोंग्याला दुसरंही एक काम होतं. टॉर्नेडो, म्हणजे आकाशातून जमिनीवर उतरणारी वादळाची सोंड, दिसला की तोच वाजवायचा, फक्त सलग तीन मिनिटं. जेवणाचा वीस सेकंदांचा. दोन्हींची सुरुवात अगदी सारखी, पण वादळं येतात ती बहुधा संध्याकाळी, त्यामुळे कुणाचा घोटाळा असा कधी झालाच नव्हता.

त्या वर्षी मेमध्ये मक्याची पेरणी आटोपली आणि गावजेवण ठरलं. दरसालची पद्धत अशी की बायका चर्चच्या तळघरातल्या स्वयंपाकघरात रांधणार आणि बाराचा भोंगा झाला की गरम भांडी घेऊन, रस्ता ओलांडून आगीच्या बंबाच्या शेडमध्ये येणार. तिथे टेबलं मांडलेली असतात. आर्डिथ पहाटेपासून तळघरातच होती, रूबार्बच्या आंबट देठांचं सारण भरून गोड ‘पाय’ भाजत.

सकाळपासून हवा चिकट होती. दक्षिणेचा वारा, आकाश दुधाळ, गायी कुंपणाच्या एका कोपऱ्यात गर्दी करून उभ्या. वर्लिन लवकरच बटणाच्या खोलीत येऊन बसला. वाटेत ऑर्लो नावाचा शेतकरी शेडमध्ये खुर्च्या लावत होता. तो ओरडला, "वर्लिन, भूक लागलीये बाबा! आज पाच मिनिटं आधी दाब की!"

"मेलो तरी नाही."

"मेलास तर यंत्र आहेच खोक्यात!" ऑर्लो खो खो हसला.

खोलीतल्या वायरलेसवर खरखर झाली. दफनभूमीच्या टेकडीवर पिकअप लावून आकाशावर नजर ठेवणारी लवॉन बोलत होती. बाई एरवी इतकी थंड की घराला आग लागली तरी आधी कॉफी संपवेल. आज तिचा आवाज चिरकला.

"वर्लिन! सोंड खाली आली! जमिनीला टेकली रे! सरळ गावाकडे निघालीये! पाच मिनिटं, फार तर सहा!"

वर्लिनने घड्याळ पाहिलं. अकरा छप्पन्न.

बोट बटणाशी गेलं आणि तिथेच थबकलं. अरे देवा! गावात या घटकेला सगळ्यात सुरक्षित कोण? तळघरातल्या बायका. आणि भोंगा वाजला की त्या काय करणार? दोन्ही हातांत भांडी घेऊन बाहेर, उघड्या रस्त्यावर! आर्डिथ सगळ्यांच्या पुढे. तीन मिनिटांचा आहे हे कळेपर्यंत त्या रस्त्याच्या मधोमध असतील. बरं, न वाजवावं, तर उरलेलं गाव उघड्यावर. त्याने चर्चला फोन लावला. फोन वर, पाद्रीबाबांच्या खोलीत. वाजत राहिला, वाजत राहिला. उचलतंय कोण? धावत जावं, तर बटण तीन मिनिटं दाबून कोण धरणार?

"वर्लिन, मेलास का तिथे? दाब ना!" लवॉन किंचाळली.

त्याने पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. आणि एकदम त्याच्या मनात आलं, अरे, अजून बारा कुठे वाजलेत! मी आधी वाजवतो का कधी? गाव विसरेल, पण आर्डिथ? ती विसरणं शक्यच नाही. तिने एकतीस वर्षं तेच तर ऐकवलंय मला!

"घड्याळ बघ, आर्डिथ," तो मोठ्याने म्हणाला, "बाई, एकदा घड्याळ बघ!" आणि त्याने बटण दाबलं.

खिडकीतून शेड दिसत होती. ऑर्लोने हसत हसत डोकं वर केलं, मनगट पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं. "चार मिनिटं आधी? वर्लिन?" खुर्ची टाकून तो बोंबलत सुटला, "पळा रे! वर्लिनने आधी वाजवलाय! तळघरात चला, पळा!"

चर्चचं दार मात्र त्या खिडकीतून दिसत नव्हतं. वर्लिन अंगठा पांढरा पडेपर्यंत बटण धरून उभा राहिला. तीन मिनिटं संपतात न संपतात तोच दिवा गेला. त्याने संडासात घुसून डोकं गुडघ्यांत घातलं. मग असा आवाज झाला की विचारू नका! मालगाडी घरावरून जावी तसा. काचा फुटल्या, भिंत थरथरली आणि झटक्यात सगळं शांत झालं.

तो बाहेर धावला. शेडचं छप्पर गायब. टेबलं गायब. रस्त्यावर पत्रे, फांद्या आणि कुणाचा तरी नवाकोरा फ्रीज. "आर्डिथ! आर्डिथ!" ओरडत तो चर्चच्या पायऱ्यांवरून अक्षरशः घसरतच तळघरात उतरला.

टेबलांखालून एकेक डोकं बाहेर येत होतं. सतराच्या सतरा बायका, आणि शेडमधून धावत आलेला ऑर्लो व त्याच्याबरोबरची माणसंही! बर्नेटा मांडीवर हॅमचं भांडं घट्ट धरून बसली होती. ती रडतही होती आणि हसतही होती.

"मी दारात पोचले होते, वर्लिन! म्हटलं, भिंतीवरचं घड्याळ मागे पडलंय, चला. तर तुझ्या बायकोने माझ्या एप्रनची गाठ धरून मला मागे ओढलं. म्हणाली, घड्याळ बरोबर आहे. माझ्या नवऱ्याने पोरीच्या जन्मालासुद्धा आधी वाजवला नाही, तो आज जेवणासाठी वाजवेल? कुणी बाहेर जायचं नाही!"

आर्डिथ ओट्याशी उभी होती, केसांत पीठ. वर्लिनने खिशातून घड्याळ काढलं.

"बारा वाजून नऊ मिनिटं झाली गं," तो पुटपुटला. "बाराचा राहिला. आणि वीजही गेलीये."

आर्डिथने त्याच्या हातातलं घड्याळ काढून घेतलं आणि एप्रनच्या खिशात टाकलं.

"राहू दे," ती म्हणाली. "झालास की रे शेवटी. माझ्यासाठी चार मिनिटं पुढे झालास."